रस्त्यावर आडवा फलक बांधताना



आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी मला फोन केला. ‘सर, छपाईची चूक झाली का?’ तत्त्वज्ञानाच्या माणसाने उपनिषदांवर बोलावं, फार तर कांटवर बोलावं. रस्त्यावर आडवा कापडी फलक कसा बांधावा हा काय विषय झाला? पण चूक झालेली नाही. मी बरीच वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं गावातल्या व्याख्यानमालेचे फलक बांधले. यातल्या दुसऱ्या कामात माझ्या हातून एकदा एक माणूस जायबंदी झाला. पहिल्या कामात तसं काही झाल्याचं निदान माझ्या कानावर नाही. तेव्हा कोणत्या विषयावर जास्त जबाबदारीने बोललं पाहिजे, ते उघड आहे.

ती गोष्ट आधी सांगून टाकतो. १९८६ सालचा मे महिना. आपल्याकडे व्याख्यानमाला म्हणजे उन्हाळ्यातली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि पुढे गावोगावच्या पुष्कळ मंडळींनी तोच ऋतू धरला. परीक्षा संपलेल्या असतात, संध्याकाळी उघड्यावर बसता येतं. पण वळवाच्या पावसाचा ऋतूही तोच, हे फलक बांधणाऱ्याने विसरायचं नसतं. मी विसरलो होतो.

बाजारपेठेतला रस्ता आठ मीटर रुंद. एका बाजूला जुन्या वाड्याची गॅलरी, समोर कापडाच्या दुकानाची. आम्ही चौघांनी मिळून दोर ओढला. मी खाली उभा राहून ओरडत होतो, ‘अजून ओढा, झोळ दिसतोय!’ फलक इस्त्री केल्यासारखा ताठ झाला तेव्हा कुठे माझं समाधान झालं. मग वर जाऊन गॅलरीच्या कठड्याला मी स्वतः निरगाठ मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आभाळ भरून आलं, धूळ उठली, आणि पाचएक मिनिटांत कठड्याचा लाकडी गज खोबणीतून निघाला. दोर, कापड आणि गज असं सगळं एकदम रस्त्यावर आलं. खालून एक दूधवाला सायकलवरून चालला होता. दोर त्याच्या छातीत अडकला आणि तो किटल्यांसकट आडवा झाला. खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना रतीब बंद.

मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तोच म्हणाला, ‘वारंच लई सुटलं हुतं, सर. तुमी तरी काय करनार?’

त्या माणसाने मला माफ केलं होतं. आणि माझी अडचण अशी, की त्याच वर्षी मी बी. ए.च्या वर्गाला कारणमीमांसा शिकवत होतो.

न्यायशास्त्रात कारणाचे तीन प्रकार सांगतात. योगायोग बघा, तिन्हींचं नेहमीचं उदाहरण कापडाचंच आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे येतं. कापडाचं समवायी कारण म्हणजे धागे. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणं. आपल्या रोजच्या मराठीत ‘निमित्त’ या शब्दाचं काय झालंय ते पाहा. ‘मी काय, निमित्तमात्र’ असं आपण म्हणतो, म्हणजे माझा तसा काही संबंध नाही, असं सुचवतो. शास्त्रात निमित्त म्हणजे तो विणकर! त्याच्यावाचून कापड झालंच नसतं. याउलट काही कारणं अशी असतात की ती प्रत्येकच कार्याच्या मागे असतात. काळ घ्या, दिशा घ्या. त्यांना साधारण कारणं म्हणतात. ती खोटी नसतात, पण त्यांच्याकडे बोट दाखवून काही उलगडत नाही. शास्त्री मंडळी रागावतील, पण मी म्हणतो, मे महिन्यातला वारा हा आपल्यासाठी त्याच जातीचा. तो असणारच आहे. विचारायचं ते हे, की कठडा कोणी निवडला आणि दोर कोणी ताणला.

हे फक्त माझ्यापुरतं असतं तर मी इथे सांगितलं नसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत दुभाजकावर लावलेला लग्नाचा फलक स्कूटरवरून जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडला, आणि मागून येणारा टँकर तिच्यावरून गेला. त्यानंतर एका राजकीय नेत्याने जाहीरपणे म्हटलं होतं, की खटला भरायचाच तर वाऱ्यावर भरा. दवाखान्यातला दूधवाला मला जे मोठ्या मनाने म्हणाला, तेच हे वाक्य. फरक इतकाच, की ते इजा झालेल्या माणसाने म्हणायचं असतं. फलक लावणाऱ्यांच्या बाजूने ते म्हणायचं नसतं.

तर आता वाऱ्याकडे जाऊ.

आपण फलकाकडे बघतो ते वाचायची वस्तू म्हणून. अक्षरं नीट आली का, पाहुण्यांचं नाव चुकलं नाही ना, अध्यक्षांचं वर आहे की खाली. वाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते शीड आहे. आपला नेहमीचा फलक धरा सहा मीटर लांब आणि एक मीटर उंच. कापडाचं वजन एक किलोच्या आसपास. हातात घेतलं तर वाटतं, एवढ्याशा कापडाला कितीसा दोर लागणार! पण दोराला कापडाचं वजन जाणवतच नाही, त्याला वारा जाणवतो. हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ने गुणा. चौरस मीटरला इतके न्यूटन दाब. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर. झाले ६० न्यूटन, आणि सहा चौरस मीटरला ३६०, म्हणजे साधारण ३७ किलोचा जोर. हा काही वादळी वारा नव्हे. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १४७ किलो. वळवात एवढा झोत अगदी सहज येतो. आणि इमारती बांधताना इंजिनिअर लोक जे भारतीय मानक वापरतात, आयएस ८७५चा तिसरा भाग, त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर वेग धरलाय, मुंबईसाठी ४४. पुण्याचा आकडा धरला तर आपल्या त्या एक किलोच्या कापडावर साडेपाचशे किलोच्या वर जोर येतो. म्हणजे गॅलरीच्या कठड्याला बैलजोडी जुंपल्यासारखंच झालं.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आम्ही फलकाला भोकं पाडतो. फ्लेक्सला अर्धचंद्राकृती चिरे देतात ना, वारा निघून जावा म्हणून. मीही पूर्वी द्यायचो. एकदा बसून हिशेब केला. वीतभरापेक्षा थोडा लहान, पंधरा सेंटिमीटर व्यासाचा अर्धचंद्र घ्या. असे दहा चिरे दिले तरी मोकळी झालेली जागा सहा चौरस मीटरांपैकी नऊशतांश चौरस मीटरही भरत नाही. शंभरात दीड! वाऱ्याला हे कळतसुद्धा नाही. मात्र फ्लेक्स फाटायला सुरुवात कुठून होते? त्याच चिऱ्याच्या टोकापासून. भोकं पाडल्याने आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, बाकी काही नाही.

आता दोराकडे या. इथे मला दोघं जण हवेत. या, तुम्ही या, आणि तुम्ही. ही दोरी दोन टोकांना धरा. मध्ये मी ही पाण्याची एक लिटरची बाटली बांधतो. हं, आता ओढा, दोरी अगदी सरळ करा. ओढा अजून! बघा, हाताला रग लागली, चेहरे लाल झाले, तरी मध्ये थोडा बाक राहतोच. कितीही जोर लावला तरी तो जाणार नाही. एक किलोचं वजन आडव्या दोरीने उचलायचं, तर दोरीला थोडं तरी वाकावंच लागतं. कारण दोरी फक्त स्वतःच्या दिशेने ओढू शकते. ती जितकी आडवी, तितका तिच्या ओढीतला वर उचलणारा भाग लहान. म्हणून ती जितकी सरळ करायला जाल तितका ताण वाढत जातो, आणि तो हळूहळू वाढत नाही, झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. धन्यवाद, बसा आता. हात चोळा जरा.

आपल्या आठ मीटरच्या रस्त्याला हे लावून पाहू. वारा ताशी ७२, जोर १४७ किलो, वरचा आणि खालचा दोर मिळून तो पेलणार, म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण ७३. दोराला एक मीटर झोळ दिला तर टोकाला सुमारे ९० किलोची ओढ येते. अर्धा मीटर दिला तर १८० किलो. पाव मीटर, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त झोळ ठेवला, तर ३६५. आणि १९८६ साली मी तर इस्त्री केली होती! इथे झोळ म्हणजे फक्त खाली लोंबणारा नव्हे. वारा आला की तोच ढिलेपणा बाजूला वळतो, फलक पोटासारखा फुगतो. पण ढील असेल तरच तो फुगेल ना.

‘तुटेपर्यंत ताणू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. गोष्ट भांडणाची असते, प्रतिमा दोराची. दोराच्या बाबतीत मात्र आपण ते पाळत नाही, कारण ढिला फलक गबाळा दिसतो. ही अडचण खरी आहे. दोराला झोळ दिला तर त्यावरचं कापडही मधे लोंबतं, अक्षरं हसल्यासारखी दिसतात. त्यावर उपाय झुलत्या पुलाचा. वर भार घेणारा एक मुख्य दोर, त्याला मधे अर्धा ते पाऊण मीटर झोळ. त्याच्याखाली फलक, आखूड दोऱ्यांनी टांगलेला. कडेच्या दोऱ्या लांब, मधल्या आखूड. मुख्य दोर कमानीसारखा उलटा, फलकाची वरची कड सरळ. सुरुवातीला दोऱ्यांची लांबी जमवायला तास जातो. एकदा जमली की त्यांना गाठीपाशी रंगाची खूण करून ठेवायची, पुढल्या वर्षी तशाच लागतात.

फलकाला कडेने भोकं पाडून रिंगा मारतात, त्याऐवजी मी नेफा शिवून घेतो. पायजम्याच्या नाडीला असतो तसा. वरच्या कडेला एक, खालच्या कडेला एक, आणि त्यातून दोरी ओवायची. रिंग म्हणजे सगळा भार एका बिंदूवर. नेफा तो सहा मीटरभर वाटून देतो. वरच्या नेफ्याला दर दोन फुटांवर बोटभर खिडकी ठेवायची, तिथून टांगायच्या दोऱ्या ओवलेल्या दोरीला बांधायच्या. शिंपी दुहेरी टीप मारून देतो, फार पैसे घेत नाही. पायजमा कधी नाडीपाशी फाटलेला पाहिलाय का? गुडघ्यावर फाटतो.

कापड मांजरपाटाचं घेणार असाल तर आधी भिजवून, खळ काढून, वाळवून मगच पेंटरकडे द्या. नाहीतर पहिल्या सरीला ते आटतं आणि वरची कड खालच्या कडेशी भांडायला लागते. ऑइलपेंटची अक्षरं चकाकतात छान, पण घडीवर तडकतात. पाण्यात मिसळणारा इमल्शनचा रंग बरा. फ्लेक्सचं म्हणाल तर तो पहिल्या दिवशी मजबूत असतो, यात वाद नाही. पण उन्हाने त्यातला मऊपणा जातो, तो कडक होतो आणि मग एकदा फाटायला लागला की टर्रकन फाटतो. शिवाय त्याचं पुढे करायचं काय? काही फ्लेक्स गोठ्यावर आणि मोटरसायकलवर पांघरूण होतात, ते ठीक. पण जाळू नका. त्यात पीव्हीसी असतं, त्याचा धूर विषारी. आमच्या जुन्या मांजरपाटाच्या फलकांच्या पिशव्या झाल्या. माझ्या घरी दळणाची एक पिशवी अशी आहे, तिच्यावर अजून ‘पुष्प तिसरे’ एवढं वाचता येतं.

दोर कोणता? सुताचा आणि तागाचा दोर ओला झाला की फुगतो आणि आखडतो. तंबूच्या दोऱ्या पाऊस आला की सैल कराव्या लागायच्या, हे ज्यांनी स्काउटची शिबिरं केलीत त्यांना आठवेल. म्हणजे आपण मोजून ठेवलेला झोळ नेमका पावसात कमी होतो. नायलॉन फार ताणतं, आज नीट बांधलेला फलक उद्या खाली. ती स्वस्तातली रंगीत प्लॅस्टिकची दोरी उन्हात कुजते. हाताने चोळून पाहा, बोटांना भुकटी लागली तर ती फेकायच्या लायकीची. पॉलिस्टरचा विणलेला दोर, १० मिलिमीटर जाडीचा, हा मुख्य दोराला मी वापरतो. नवा असताना तो टनाच्या वर भार घेतो. पण गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते, निम्मीच धरून चाला. आणि तो भिंतीच्या कोपऱ्यावरून जात असेल तर खाली गोणपाटाची घडी घाला. दोर तुटतो तो बहुतेक वेळा मधे नाही, जिथे घासतो तिथे.

आता बांधायचा कशाला. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. कठड्याला नाही, हे तर मी शिकलोच. कठडा माणसाला टेकायला केलेला असतो. पत्र्याच्या शेडचा खांब नाही, नळाचा पाइप नाही, दुकानाच्या पाटीची पट्टी नाही. विजेच्या खांबाला तर हात लावायचा नाही, ओला दोर काय करू शकतो ते सांगायला नको. झाडाला खिळा ठोकणंही नको. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी झाडाने काय बिघडवलंय? इमारतीचा भार घेणारा खांब हवा किंवा पक्क्या भिंतीत आरपार घातलेला, आतून पट्टी लावलेला हूक. खांबाला दोराचे आधी दोन पूर्ण वेढे द्यायचे. म्हैस खुंट्याला बांधताना देतात तसे. ओढ त्या वेढ्यांच्या घर्षणावर येते, गाठ फक्त टोक धरून ठेवते. म्हणून भार असतानाही ती सोडता येते. निरगाठ भार आला की आवळते. मग भर वादळात शिडीवर चढून सुरीने दोर कापावा लागतो. ते दृश्य मी पाहिलंय, पुन्हा पाहायची इच्छा नाही. नुसती सुरगाठही नको, फडफडीने ती आपोआप सुटते.

आणि प्रत्येक टोकाला दुसरा जामीन. म्हणजे मुख्य दोर ज्या हुकाला आहे तो निघाला तर दोर धरायला दुसरी, वेगळ्याच खांबाला बांधलेली थोडी सैल दोरी. एकाच हुकात दोन दोर बांधले तर तो जामीन नव्हे; कर्जदार आणि जामीनदार एकच माणूस असल्यासारखं होईल ते.

उंचीचा एक हिशेब लोक चुकतात. ते टोकाची उंची मोजतात. ट्रक टोकाखालून जात नाही, मधून जातो. म्हणून फलकाची खालची कड, रस्त्याच्या मध्यावर, साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट तरी वर हवी. गवत भरलेला ट्रक, मिरवणुकीतला देखावा, वर बसलेली पोरं, सगळ्यांचा विचार करायचा. आणि रहदारीचा दिवा झाकला जातोय का हे फलकाजवळ उभं राहून नाही, पन्नास पावलं मागे जाऊन बघायचं.

आता मी जे मुख्य सांगायला आलो ते. एवढं सगळं केलं तरी साडेपाचशे किलोच्या वाऱ्यापुढे आपला फलक टिकणार नाही. टिकावा अशी अपेक्षाही धरू नये. मग प्रश्न उरतो तो हा, की सगळ्यात आधी काय तुटावं? १९८६ साली हे मी ठरवलं नव्हतं, म्हणून ते कठड्याने ठरवलं. आपण काही ठरवलं नाही तर जे सगळ्यात कच्चं आहे ते तुटतं, आणि कच्चं कुठे आहे हे आपल्याला अपघातानंतर कळतं. त्यापेक्षा कच्ची जागा आपणच करून ठेवावी.

ती अशी. फलकाची वरची बाजू पक्की, खालचे दोन कोपरे मुद्दाम कच्चे. खालच्या नेफ्यातली दोरी दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे नेतो, तिथे कोपऱ्याशी मध्ये वीतभर साधी सुतळी घालायची. सुतळी किती जाड? घरी बादलीला बांधून बघा. पाण्याने भरलेली एक बादली तिने पेलली पाहिजे, दोन पेलता कामा नयेत. रोजच्या वाऱ्यात ती टिकते. जोराचा झोत आला की तुटते, खालची कड मोकळी होते, आणि फलक ध्वजासारखा वर उडून फडफडायला लागतो. शिडातला वारा निघून गेला. वरच्या दोरावरचा भार एकदम उतरतो. अक्षरं वाचता येत नाहीत, पण वादळात व्याख्यानाची वेळ वाचायला कोण थांबलंय? दुसऱ्या दिवशी सुतळीचे दोन तुकडे बदलायचे, चार आण्यांचं काम.

यात एक बारीक गोष्ट आहे. सुतळी फलकाच्या अगदी कोपऱ्याजवळ घाला, भिंतीजवळ नको. भिंतीजवळ तुटली तर दोरीची लांब शेपटी फलकाबरोबर रस्त्यावर झोके घेत राहील, आणि ती कोणाच्या तरी गळ्यात अडकेल. कोपऱ्याजवळ तुटली तर ती लांब दोरी भिंतीला लोंबत राहते, फलकाकडे वीतभर टोक. आणि खालच्या कडेला वजन म्हणून विटा, वाळूच्या पिशव्या बांधू नका. फलक सरळ राहतो खरा, पण वादळात त्या विटांना दोर नसलेल्या गोफणीची उपमा द्यायची की आणखी कशाची, तुम्हीच ठरवा. त्याच कारणासाठी नेफ्यात बांबू किंवा लाकडी पट्टी घालायची नाही. रस्त्यावर डोक्यावरून जे टांगायचं ते पडलं तरी मऊ असलं पाहिजे.

अक्षरांबद्दल थोडक्यात. इंचभर उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, असा ढोबळ हिशेब आहे. दहा इंची अक्षर शंभर फुटांवरून, म्हणजे तीस मीटर. ताशी ३६च्या वेगाने येणाऱ्या दुचाकीवाल्याला तीन सेकंद मिळतात. तीन सेकंदांत सात-आठ शब्द होतात. म्हणून विषय, दिवस, जागा. उद्घाटक, स्वागताध्यक्ष, सौजन्य यांना निमंत्रणपत्रिकेत भरपूर जागा आहे. यावरून आमच्या समितीत दोन राजीनामे आले होते, त्यातला एक मागे घेतला गेला. आणि देवनागरीला मात्रा-वेलांटीसाठी वर आणि उकारासाठी खाली जागा सोडावी लागते, एक मीटर उंचीत दोनच ओळी बसतात. तिसरी घुसवली की काहीच वाचता येत नाही.

परवानगी घ्या. नगरपालिका असो, महापालिका असो. १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे, आणि बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली साताऱ्याच्या एका संस्थेच्या जनहित याचिकेवर सविस्तर निकाल दिला आहे. पण लोकांचा अनुभव असा, की परवानगीचा कागद मिळाला की जबाबदारी संपली असं वाटायला लागतं. त्या कागदावर फलक कधी लावायचा याची तारीख असते आणि कधी काढायचा याचीही असते. मंडळं पहिली तारीख पाळतात.

फलक उतरवणाऱ्याचं नाव बांधायच्या दिवशीच ठरवा. ‘आपण सगळे मिळून काढू’ म्हणजे कोणी काढत नाही. व्याख्यानमाला संपली की उत्साह संपतो आणि मग तो फलक जूनच्या पावसात एकटा लोंबत राहतो. त्याचा दोर कोणी तपासत नाही. मला वाटतं, बहुतेक फलक पडतात ते काम संपल्यावरच. आमच्याकडे आता असं आहे, की एका बाजूच्या हुकाला कप्पी बसवली आहे. दोर कप्पीवरून खाली येतो आणि दुकानाच्या आतल्या खुंटीला बांधलेला असतो. आभाळ भरून आलं की एक जण रस्ता अडवतो, दुसरा दोर सोडत जातो, तिसरा समोरून कापड गोळा करतो. शिडी लागत नाही, दोन-तीन मिनिटांत फलक खाली. नावांची पाळी लावलेली असते, कोणत्या दिवशी कोण. दुकानदारालाही दोर सोडायला शिकवून ठेवलंय. तो म्हणतो, सर, तुमच्या फलकापायी मला आभाळाकडे बघायची सवय लागली.

त्या दूधवाल्याकडूनच पुढे बरीच वर्षं आमच्याकडे दूध यायचं. त्या गोष्टीबद्दल तो पुन्हा बोलला नाही. मी एकदा बोलायचा प्रयत्न केला, त्याने दुधाचं माप पुढे केलं. मे महिन्यात बाजारपेठेतून जाताना मात्र तो सायकलवरून उतरून, फलकाखालून चालत जायचा. मी लांबून पाहिलंय ते.

वेळ झाली आहे. प्रश्न नंतर घेऊ. त्याआधी बाहेरच्या खांबावर दोन वेढ्यांची गाठ आणि कप्पी दाखवतो, हाताने केल्याशिवाय ती कळत नाही. शिडी आणली आहे का कोणी? आणि ती सुतळी, बादल्या... हो, दोन्ही भरून घ्या.